मसूर स्टेशनवरची मुले : 'भीमायन' या चित्रग्रंथाचा एक अभ्यास

आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात गेल्या वर्षी बारावीच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "काका, इंग्रज आपल्या लोकांसाठी चांगले होते की वाईट?" त्या दिवशी नेहमीचे वक्ते आले नव्हते, म्हणून वर्ग माझ्याकडे होता. मी बँकेत दिवसभर नावे आणि जमा लिहिणारा माणूस. सहज बोलून गेलो, "जमा किती आणि नावे किती, ते आधी मांडून पाहू." मुले हसली, वर्ग संपला, परंतु प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. एकीकडे शाळेच्या पुस्तकात इंग्रजांची गुलामगिरी आम्ही शिकलो आणि दुसरीकडे घरातील वडीलधाऱ्यांकडून, इंग्रज आले म्हणून आपण लिहू-वाचू लागलो, हेही ऐकत आलो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर त्या एका वहीत कशा बसवायच्या ?

या प्रश्नाकडे पाहण्याची एक वाट मला एका चित्रांच्या पुस्तकाने दाखविली. त्या पुस्तकाचा परिचय सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुस्तकाचे नाव 'भीमायन'. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा असून चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या पती-पत्नींची आहेत. अशा पुस्तकाला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. आपण त्याला चित्रकादंबरी म्हणू. मात्र येथील कथा कल्पित नाही, ती बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींवर आधारलेली आहे. १९३५-३६ च्या सुमारास बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. अस्पृश्यता नावाची काही गोष्ट भारतात आहे, एवढे परदेशी माणसाला ऐकून ठाऊक असते. पण ती रोजच्या जगण्यात कशी भोगावी लागते याची त्याला कल्पना येत नाही, म्हणून त्यांनी प्रसंगच सांगितले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या आठवणी १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडातही त्या आल्या. ज्यांना चित्रे नकोत त्यांनी त्या वीस-पंचवीस पानांपासून सुरुवात करावी.

चित्रे नकोत, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, हे मी जाणतो. चित्रांचे पुस्तक म्हणजे पोरांचे पुस्तक, अशी आपली समजूत. 'चांदोबा' आणि अमर चित्रकथा वाचून आम्ही मोठे झालो आणि मोठे झाल्यावर ती रद्दीत घातली. अमर चित्रकथेनेही १९७९ साली बाबासाहेबांवर एक अंक काढला होता. तशाच प्रकारचे आणखी एक पुस्तक असेल, असे समजून मी 'भीमायन' हाती घेतले आणि पहिल्या दोन-चार पानांतच माझी समजूत चुकीची ठरली.

तत्पूर्वी एक आक्षेप नोंदवून ठेवतो. पुस्तकाचे नाव मला रुचले नाही. कानाला ते रामायणाच्या चालीवर लागते, आणि ज्या महामानवाने १९५६ साली आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांच्या चरित्राला हे नाव कशाला, असे आमच्या संस्थेतील एका ज्येष्ठ सभासदांनीही मला बोलून दाखविले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण मलाही तसेच वाटते. परंतु नाव आवडले नाही म्हणून खाते उघडायचेच नाही, हा व्यवहार नव्हे.

पुस्तकाचे मुख्य भाग तीन : पाणी, निवारा आणि प्रवास. आजच्या शहरातील बसथांब्यावर एक तरुण आरक्षणाविरुद्ध कुरकुर करतो आणि एक तरुणी त्याला उत्तर देता देता बाबासाहेबांची कथा सांगू लागते. २००६ च्या खैरलांजीचाही त्यात उल्लेख येतो. हा संवाद थोडा भाषणवजा झाला आहे, असे माझे मत. पण या तिन्ही भागांतील प्रसंग सुरू झाले की चित्रे बोलू लागतात. निवारा या भागात १९१७ चे बडोदे आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला तरुण अधिकारी पारशी सराईत नाव लपवून राहतो आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव त्याला बाहेर काढतो. प्रवास या भागात १९२९ चे चाळीसगाव आहे. तेथे टांगेवाले बाबासाहेबांना नेण्यास तयार होईनात, म्हणून आपल्याच माणसाने टांगा हाकला. त्या बिचाऱ्याला सवय नव्हती. पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. शिवाय १९३४ चा दौलताबादच्या किल्ल्यावरील हौदाचा प्रसंग आहे. हे प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. मी येथे पहिल्या भागातील एकाच प्रसंगाजवळ थांबणार आहे.

त्याआधी चित्रकारांविषयी. दुर्गाबाई आणि सुभाष हे मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजाचे. बाणा हे वाद्य वाजवून गोंडांच्या वंशकथा गाणे, हा परधानांचा परंपरागत व्यवसाय. दुर्गाबाईंचा जन्म मंडला जिल्ह्यातील बुरबासपूरचा. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. भिंतीवर व अंगणात काढायची 'डिगना' ही नक्षी त्या आईकडून शिकल्या. भारत सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली. कॉमिक्समध्ये चौकटी असतात. या दांपत्याने चौकटी आखण्यास नकार दिला. माणसांना डब्यात कोंडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे येथे डिगनाची वळणेच एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात नेतात. आगगाडी सापासारखी वळत जाते. पात्रांच्या तोंडून निघणारे बोल ज्या फुग्यात लिहितात त्यांचेही आकार निरनिराळे आहेत : साध्या, भल्या माणसाच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी आणि मनातल्या विचाराला डोळा. वाचता न येणाऱ्या माणसालाही कोण कसे बोलतो आहे हे कळावे, अशी ही लिपीच म्हणा ना.

आता मसूर. साल १९०१. भीमराव दहा वर्षांचे. आईचे छत्र हरपलेले. मुले साताऱ्यास आत्याच्या देखरेखीखाली आणि वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार. तेथे मुंबई सरकारने दुष्काळी काम म्हणून तलाव खोदण्यास काढला होता. दुष्काळात माणसे हजारोंनी मेली होती. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना बोलाविले. केवढा आनंद ! विलायती बनावटीचे नवे सदरे, जरतारी टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून भीमराव, थोरले बंधू आणि बहिणीकडचे भाचर आगगाडीत बसले आणि मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कोणीच आले नव्हते. मुलांचे पत्र गोरेगावी पोहोचले होते, परंतु वडिलांच्या नोकराने ते द्यायचे विसरल्यामुळे रामजींना काहीच ठाऊक नव्हते. (आम्हा कारकुनांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. एक पत्र टेबलावर राहून गेले की दुसऱ्या टोकाला काय घडते ते आपल्याला दिसत नाही.)

स्टेशनमास्तराने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला मुले ब्राह्मणाची वाटली. भीमरावांनी निरागसपणे खरी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. पुढे बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, या अटीवर एकजण तयार झाला. शिदोरीत अन्न भरपूर होते, पाणी मात्र नव्हते. वाटेत गाडीवानाने दाखविलेल्या ओढ्यात चिखल आणि शेण. रात्री टोलनाक्यावर मुसलमान म्हणून सांगितले आणि उर्दूत बोलले तरीही नाकेदाराने पाणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी गोरेगाव आले.

विद्यार्थ्यांनी या प्रसंगातील एकेक वस्तू आता हातात घेऊन पाहावी. आगगाडी इंग्रजांची. स्टेशन इंग्रजांचे. टोलनाका सरकारी. अंगातील सदरा विलायती. वडिलांची नोकरी सरकारी दुष्काळी कामावर. पैसे खिशात आहेत, तिकीट काढलेले आहे, आगगाडीने या मुलांना इतरांसारखेच आणून सोडले आहे. पण फलाटाच्या पुढचे पाणी त्याच आगगाडीच्या राज्यात मिळत नाही. त्या काळी मोठ्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगवेगळे पुकारले जाई. आपल्या लोकांसाठी कोणते पाणी पुकारले जात होते, हे मी निराळे लिहिण्याची गरज नाही. इंग्रज सरकारने प्रजेच्या चालीरीतींत ढवळाढवळ करायची नाही हे धोरण ठेवले आणि चालीरीत म्हणजे आपली तहान.

आता ते विलायती सदरे या मुलांच्या अंगावर आले कोठून ? येथे बाबासाहेबांच्या घराण्याकडे वळावे लागते. आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात, वडील रामजी सुभेदार, आईचे वडील धर्मा मुरबाडकरही सैन्यात सुभेदार मेजर. कंपनी सरकारच्या पलटणींत आपले लोक किती होते याची साक्ष भीमा कोरेगावचा स्तंभ देतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत 'नाक' या अक्षरांनी संपणारी नावे तेथे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तेथे गेले होते. सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण मिळे. रामजी सैन्यातील शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. गावच्या शाळेने ज्यांना उंबरा ओलांडू दिला नसता त्यांच्या घरात ग्रंथ आले, ते या वाटेने. ही जमेची बाजू झाली आणि ती मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे.

आता नावेची बाजू. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. लढाऊ वंश कोणते आणि न लढणारे वंश कोणते, अशी विभागणी त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांत बळावली. माणसाचे शौर्य त्याच्या कर्तबगारीत नसून रक्तात असते, असा हा सिद्धांत. त्याचा परिणाम म्हणून १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या आजोबांची नावे कोरेगावच्या दगडावर कोरली त्यांच्याच नातवंडांना, तुम्ही लढाऊ नाही, असे सांगण्यात आले. या बंदीविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांचे साह्य घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीतला. म्हणजे मुलगा रांगू लागला तेव्हा तो ज्या दारातून आला ते दार त्याच्या मागे बंद होत होते. पुढे पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. १९४१ मध्ये, पुन्हा महायुद्धातच, महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज असेल तेव्हा वंश लढाऊ आणि गरज सरली की नाही !

मनूने जे जन्मावरून ठरविले तेच साहेबाने वंशावरून ठरविले. दोन्ही वह्यांत आपले नाव एकाच बाजूला पडले. 'भीमायन'मध्ये हा सैन्याचा इतिहास असा विस्ताराने मांडलेला नाही. पण मसूर स्टेशनावरील त्या टोपीवाल्या मुलांचे चित्र समोर ठेवले की हे सर्व विचारावेच लागते.

वंशाच्या कल्पनेचे आपल्याकडे आणखी एक प्रकरण आहे आणि ते गुंतागुंतीचे आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी निग्रो लोकांना दास्यातून मुक्त केले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचे नाते सातासमुद्रापलीकडील काळ्या माणसाच्या दुःखाशी जोडणारे हे पहिले मोठे पाऊल. याच ग्रंथावर श्रीविद्या नटराजन आणि चित्रकार अपराजिता निनान यांनी २०११ मध्येच 'ए गार्डनर इन द वेस्टलँड' ही कृष्णधवल चित्रकादंबरी केली; तीही मिळाल्यास पाहावी. आर्य बाहेरून आले हा युरोपीय पंडितांचा सिद्धांत फुल्यांनी घेतला आणि तो ब्राह्मणी वर्चस्वावर उलटविला. बाबासाहेबांनी मात्र १९४६ मध्ये 'शूद्र कोण होते' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत पुराव्यानिशी नाकारला. जात म्हणजे वंशभेद नव्हे, असे त्यांनी 'जातिनिर्मूलना'तही मांडले होते. आणि लक्षात घ्या, 'शूद्र कोण होते' हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो महात्मा फुले यांना. गुरूचे म्हणणे नाकारायचे आणि ग्रंथ गुरूलाच वाहायचा ! आपल्या सभांमध्ये मतभेद झाला की खुर्च्या सोडून जाणाऱ्यांनी याचा विचार करावा, असे मला नेहमी वाटते.

वंश आणि जात एक नाहीत, हे सांगणाऱ्या बाबासाहेबांनीच १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिले. निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या आणि डु बॉईस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. रोग वेगळा असला तरी दुसऱ्या रोग्याने केलेला इलाज पाहून घ्यावा, ही ती दृष्टी. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच घेतले गेले.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्या नगरकडे पाहा. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेची सवय जात नाही.) वेलस्लीने १८०३ च्या ऑगस्टमध्ये येथील भुईकोट किल्ला घेतला आणि छावणी बसली. १८३१ पासून अमेरिकन मिशन आले. मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांच्या मनाने घेतले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. माझे पणजोबा भिंगार कॅम्पात साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते, एवढेच घरात ऐकले आहे. साहेबाच्या घोड्याला त्यांनी पाजलेले पाणी चालत होते. गावी परत गेले की त्यांनाच वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यावे लागे.

हे मला ठाऊक झाले ते या पुस्तकामुळेच. माझ्या आईला अक्षरओळख नाही. एका संध्याकाळी मी पुस्तक चाळत होतो, ती शेजारी येऊन बसली. मी मसूरच्या प्रसंगाची पाने तिच्यासमोर धरली आणि काही सांगितले नाही. तिने बोटाने साप दाखवून, ही गाडी का, म्हणून विचारले. मग पोरांकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "यांचा बाप कुठं गेला व्हता ?" मी म्हणालो, "दुष्काळी कामावर, तलाव खोदत होते तिथे. पैशाचा हिशेब त्यांच्याकडे." तेव्हा ती जे बोलू लागली ते मी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात, सतरा-अठरा वर्षांची असताना, तीही तलावाच्या कामावर पाटी उचलायला होती. सुकडीची गोष्ट तिने पूर्वी अनेकदा सांगितली होती. पाण्याची कधी सांगितली नव्हती. "कामावर पाण्याचं पिंप व्हतं बाळा. पण तांब्या आपल्या हातात नव्हता. वतणारी बाई यायची तवा प्यायचं." मी विचारले, इतकी वर्षे का बोलली नाहीस ? ती म्हणाली, "तू इचारलंस कधी ?"

बाबासाहेबांच्या शाळेत नळ शिपायाने सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. त्या नळाच्या आणि माझ्या आईच्या पिंपाच्या मध्ये सत्तर वर्षे गेली होती. इंग्रज जाऊन पंचवीस वर्षे झाली होती आणि संविधानाचे सतरावे कलम लागू होऊन बावीस. तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की साहेबाने आपल्याला आगगाडीत बसविले हे खरे. तांब्या त्याने गावाच्याच हातात राहू दिला. आणि साहेब गेल्यावर तो आपोआप आपल्या हाती आला नाही. जेथे आला तेथे महाडपासून पुढे कोणीतरी हात पुढे केला म्हणून आला.

संस्थेच्या ग्रंथालयात 'भीमायन'ची एक प्रत आता ठेवली आहे. इंग्रजी सोपे आहे, दहावीच्या विद्यार्थ्याला जड जाऊ नये. ज्यांना जड जाईल त्यांनी चित्रे घेऊन घरातील म्हाताऱ्या माणसापाशी बसावे. वर्गातील मुलांना मी एक काम दिले होते : आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना विचारून, ते लहानपणी कोठे पाणी पीत, पहिल्यांदा आगगाडीत किंवा एस.टी.त केव्हा बसले आणि घरातील पहिला पगार कोणी व कोठून आणला, हे वहीत लिहून आणावे. आतापर्यंत अकरा वह्या आल्या आहेत. ज्याने तो प्रश्न विचारला होता त्याची वही अजून आलेली नाही. त्याचे आजोबा पाथर्डीकडे ऊसतोडीच्या टोळीबरोबर असत. ते सांगायला तयार आहेत, पण एका बैठकीत संपत नाही, असे तो म्हणतो.